पिशवीचं ऑपरेशन झालं तरी थेंब पडतातच: तुमची पत्रं, डॉक्टरताईंची उत्तरं

मागच्या अंकात खोकलताना-शिंकताना लघवी सुटते त्यावर मी दोनच परिच्छेद लिहिले होते, तर यावेळी जवळपास सगळी पत्रं त्याचीच आली. अन् अर्ध्याहून जास्त पत्रांत गोष्ट एकच, की ऑपरेशन करून झालं तरी त्रास जात नाही, आता परत करू का? त्यातली चार पत्रं घेतली आहेत. नावं-गावं छापत नाही, आपल्याकडे एका गावात शिंकलं की दुसऱ्या गावात कळते.

पत्र पहिलं, यवतमाळ जिल्हा

डॉक्टरताई, माहं वय ४७. चार वर्षाआधी माही पिशवी काढली, अंग बाहेर येत होतं म्हणून, तवाच डॉक्टर म्हणे का लघवीचे बी टाके घेऊन टाकतो. दीड वर्ष चांगलं गेलं, मंग पुन्हा तेच. खोकललं का थेंब, कापसाचं गाठोडं उचललं का पातळ ओलं. आता दुसऱ्या डॉक्टरनं जाळीची पट्टी टाकून ऑपरेशन सांगतलं. जाऊ म्हणते का एकदा फेल गेलं ते दुसऱ्यांदाही फेलच जाते, पैसे कायले घालता. मालक म्हणते करून टाक एकदाचं. मले काहीच सुचून नाही रायलं जी.

उत्तर: ताई, जाऊबाईंचं सोडा, मालकांचंही जरा बाजूला ठेवा. आधी मला हे सांगा की पहिल्या वेळी नेमकं काय केलं होतं? आपल्याकडे सगळ्यालाच 'पिशवीचं ऑपरेशन' म्हणतात. गर्भाची पिशवी वेगळी, लघवीची वेगळी, पण ओपीडीत बाई येते अन् सांगते 'पिशवीचं झालं', मी विचारते कोणत्या, तर ती नवऱ्याकडे बघते अन् नवरा छताकडे. म्हणून पहिलं काम म्हणजे डिस्चार्ज कार्ड शोधा. ट्रंकेत, सातबाऱ्याच्या फाइलमध्ये, देवघरामागे, कुठेतरी असतेच. नसेल तर त्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशनच्या कागदांची झेरॉक्स मागा. पेशंटनं मागितले तर ७२ तासांत कागद द्यायचे असा नियम आहे, फक्त तीन वर्षांच्या पुढे ते सांभाळायचं बंधन नाही, त्यामुळे तुम्हाला मिळतीलच असं नाही, पण विचारायला काय जाते. अन् बाकीच्यांनो, ज्यांचं नुकतंच झालं आहे त्यांनी आजच प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

हे एवढं का विचारते, तर तुम्ही लिहिलं त्यावरून मला वाटते तुमचे 'केलीचे टाके' असावेत. हॉवर्ड केली नावाचे अमेरिकेतले डॉक्टर होते, त्यांची शंभर वर्षांहून जुनी पद्धत. खालून गर्भपिशवी काढताना लघवीच्या नळीच्या तोंडाशी दोन-चार टाके घेऊन ती जागा आवळायची. वेळ कमी, खर्च नाही, म्हणून आपल्याकडे आजही सर्रास घेतात. पण हे टाके वर्ष-दोन वर्षांत सैल पडायला लागतात, आणि म्हणूनच लघवी सुटण्यावरचं ऑपरेशन म्हणून आता हे करू नका असंच सांगतात. म्हणजे तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही ओझं उचललं म्हणूनच गेलं असंही कुणाला म्हणू देऊ नका, मुळात तो आधारच कच्चा होता. आणि खरं तसं असेल तर आता जे सांगत आहेत ते तुमचं दुसरं नाही, एका अर्थी पहिलंच खरं ऑपरेशन आहे.

आता लघवी सुटते कशी ते बघा. ओलिताचा रबरी पाईप कडक जमिनीवर असला अन् त्यावर पाय दिला तर पाणी थांबते, तोच पाईप चिखलात असेल तर पाय दिला की पाईपच खाली जातो अन् पाणी चालूच राहते. लघवीच्या नळीखाली स्नायूंची अशीच कडक जमीन असते. बाळंतपणं, वजन, वय यांनी तिचा चिखल होतो. खोकललं की वरून दाब येतो पण नळी दाबलीच जात नाही. पट्टीचं काम एवढंच की नळीखाली परत कडक जमीन करून द्यायची, नळी ओढून घट्ट बांधायची नाही. काही बायांचं मात्र वेगळंच असते. जमीन ठीक असते पण नळाचा वॉशरच गेलेला असतो, म्हणजे नळीचं तोंड मिटवणारा स्नायू निकामी. आधी एक-दोन ऑपरेशनं झालेल्यांत हे जास्त दिसते. मग नुसती पट्टी टाकून भागेलच असं नाही. कोणाचं काय बिघडलं आहे हे अंदाजानं ओळखून दुसरं ऑपरेशन करायला घेऊ नये, एवढं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी तपासण्या आहेत. लघवीची पिशवी भरलेली असताना खोकलायला लावून बघणं, हे तर टेबलावरच होते. लघवी करून आल्याबरोबर सोनोग्राफी करून आत किती उरली ते बघणं, कारण कधी कधी पिशवी नीट रिकामीच होत नाही आणि काठोकाठ भरून वरून सांडते, अन् बाईला वाटते की खोकल्यानं सुटली. लघवीची तपासणी, साखर. आणि चौथी महत्त्वाची, युरोडायनॅमिक टेस्ट. बारीक नळी घालून पिशवीत हळूहळू पाणी भरतात, दाब मोजतात, खोकलायला सांगतात. अर्धा-पाऊण तास लागते, लाज वाटते, फार दुखत नाही. पहिल्या ऑपरेशनला ही टेस्ट प्रत्येकीला लागतेच असं नाही, पण आधी एकदा ऑपरेशन झालं असेल तर इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की करूनच घ्या. तालुक्याला होणार नाही. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल किंवा एम्स, इथे युरॉलॉजीला आधी फोन करून विचारा की मशीन चालू आहे का अन् कोणत्या दिवशी, नाहीतर एसटीचं भाडं फुकट जाते. सोबत तीन दिवसांची डायरी न्या. किती वाजता गेले, मापाच्या भांड्यात किती मिली झाली, कधी सुटली, पाणी-चहा किती घेतला. वहीच्या एका पानावर लिहिलं तरी चालते, अन् लिहिता येत नसेल तर नातीला बसवा लिहायला.

जाऊबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही, ते पण सांगते. ज्यांना आधी पट्टी टाकली होती अन् ती फेल गेली म्हणून परत पट्टी टाकली, त्यांचा मेलबर्नमधला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. पहिल्यांदा पट्टी टाकलेल्या बायांत ८६ टक्के म्हणाल्या की खोकल्यानं सुटणं बंद झालं, परत टाकलेल्यांत ६२ टक्के. त्यातही ओटीपोटाच्या हाडामागून वर नेलेली पट्टी असेल तर ७१, मांडीच्या बाजूनं काढलेली असेल तर ४८. म्हणजे दुसऱ्यांदा करायचं तर कोणत्या वाटेनं पट्टी नेणार हे डॉक्टरांना विचारायलाच पाहिजे. त्यांना राग येत नाही, अन् आला तर दुसरीकडे जा. अन् दुसऱ्या खेपेला घाईची लघवी नव्यानं मागे लागण्याचं प्रमाणही जास्त होतं, ते मनात धरून चाला. तुमचे खरंच टाकेच असतील तर हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत.

जाळी नको असेल तर स्वतःच्याच शरीरातली पट्टी घेता येते. ओटीपोटावर आडवा छेद घेऊन स्नायूवरच्या जाड पडद्याची पट्टी काढून नळीखाली बसवतात. दुखणं जास्त, दवाखान्यात दिवस जास्त, अन् सुरुवातीला लघवी अडून नळी ठेवावी लागायची शक्यताही जास्त. पण बाहेरचं काही आत राहत नाही आणि टिकते. दुसरं म्हणजे बर्च, १९६१ पासूनचं, पोटातून टाके घेऊन योनीची भिंत वर हाडामागे बांधायची, आता दुर्बिणीनंही होते. अमेरिकेत ६५५ बायांवर या दोन्हींची तुलना झाली होती, २००७ ला छापली. दोन वर्षांनी स्वतःच्या पट्टीवाल्यांत ६६ टक्क्यांचं खोकल्यानं सुटणं थांबलं होतं, बर्चवाल्यांत ४९. पण पट्टीवाल्यांना लघवीचं इन्फेक्शन आणि अडण्याचा त्रास जास्त झाला, हे मान्य करून घ्यायला लागते. नळीच्या तोंडाशी फुगवायचं इंजेक्शनही असते, सोपं असते, पण त्याचा परिणाम कमी अन् बऱ्याचदा परत घ्यावं लागते. वॉशर गेलेल्या, वयस्क, भूल सोसणार नाही अशांना ते बरं.

जाळीची भीती कुठून आली ते थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये काही बायांना पट्टीनंतर कायमची दुखणी लागली, जाळी आतून बाहेर आली, म्हणून तिथल्या सरकारनं जुलै २०१८ मध्ये अशी ऑपरेशनं थांबवली. अमेरिकेत २०१९ ला बंदी आली ती अंग बाहेर येण्यासाठी खालून टाकायच्या मोठ्या जाळ्यांवर, लघवीच्या बारीक पट्टीवर नाही. दोन्हींची गल्लत होते अन् व्हॉट्सॅपवर तर फारच होते. पट्टीनं खूप बाया खरंच कोरड्या झाल्या आहेत, अन् काहींना ती नको होऊन बसली आहे, दोन्ही खरं आहे, आणि ती पूर्ण काढणं हे घालण्यापेक्षा कितीतरी अवघड असते, हे सही करायच्या आधी विचारा.

आणि ऑपरेशन कधी? घाई नाही, याच्यानं जीव जात नाही. करायचंच ठरलं तर सहा आठवडे कळशी, गाठोडं, सरपण काही उचलायचं नाही, संबंध नाही. वेचणी चालू असताना कोणती बाई घरी बसते बाप्पा? म्हणून मी माझ्या बायांना सांगते की कापूस घरी आला की होळीच्या आगेमागे करा, म्हणजे मृग लागायच्या आत मोकळ्या. तोपर्यंत तीन महिने व्यायाम मनापासून करा, त्याचं खाली चौथ्या पत्रात लिहिते, ऑपरेशन फेल गेलेल्यांनाही त्यानं फरक पडतो. खोकला कशाचा आहे तेही बघा. चुलीचा धूर असेल, अन् बीपीची गोळी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल तर तिचाच कोरडा खोकला असू शकतो, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, मनानं बंद करू नका. पैशाचं म्हणाल तर जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसते का ते रेशनकार्ड अन् आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा, झाल्यावर विचारून उपयोग नाही.

पत्र दुसरं, भंडारा जिल्हा

मॅडम, माझ्या आईचं दोन महिन्यांपूर्वी गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. दहाव्या दिवसापासून लघवी सारखी वाहते, झोपेतसुद्धा, बसली तरी उभी राहिली तरी. जिथे केलं तिथले म्हणतात की व्यायाम करा, नाहीतर सहा महिन्यांनी लघवी सुटण्याचं छोटं ऑपरेशन करून देऊ. आई आता रोवण्याला जात नाही, कोणाकडे कार्यालाही जात नाही, वास येतो म्हणते.

उत्तर: दादा, या पत्राला आधी उत्तर देऊन मोकळं व्हावं असं होतं, फोन नंबर दिला असता तर फोनच केला असता. खोकल्यानं सुटते ती थेंब-थेंब अन् झोपेत सहसा सुटत नाही. तुमच्या आईची दिवसरात्र वाहते आहे, तीही ऑपरेशननंतर लगेच सुरू झाली, म्हणजे लघवीच्या पिशवीला किंवा किडनीतून येणाऱ्या नळीला भोक पडून ते योनीत उघडलं असण्याची दाट शंका आहे. पूर्वी हे अडलेल्या बाळंतपणात व्हायचं, आता गर्भपिशवी काढतानाही होते. याला व्यायामानं काही होणार नाही, अन् पट्टी टाकली तर आणखी गोंधळ. पिशवीत निळं औषध भरून योनीत कापसाचे बोळे ठेवतात. बोळा निळा झाला तर भोक पिशवीला, नुसताच ओला झाला तर वरच्या नळीला, मग सीटी स्कॅन. भोक लहान अन् लवकर लक्षात आलं तर काही वेळा काही आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, ठेवूनही भरते, नाहीतर शिवावं लागते. पहिल्या प्रयत्नाला यश सगळ्यात जास्त असते, म्हणून ज्यांचा यात हात बसला आहे अशाच ठिकाणी, म्हणजे मोठ्या मेडिकल कॉलेजला न्या. याच आठवड्यात न्या. तोवर आईला पाणी कमी करू देऊ नका, लघवी घट्ट झाली की आग अन् वास दोन्ही वाढतात. कातडीला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. आणि आईला सांगा की हे दुरुस्त होते. बहुतेक कोणीच हे तिला सांगितलेलं नाही.

पत्र तिसरं, अमरावती जिल्हा

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ५२. मागच्या वर्षी मांडीतून टेप टाकली. खोकल्याचं एकदम बंद झालं, पण आता घाई इतकी की घरी येऊन कुलूप उघडेपर्यंत निम्मी साडी ओली. मला वाटतं टेप फेल गेली. काढून दुसरी बसवायची का?

उत्तर: गुरुजीबाई, टेप म्हणजे वर सांगितलेली तीच जाळीची पट्टी, अन् ती फेल गेली नाही, तिनं तिचं काम केलं! हा दुसराच आजार आहे. खोकल्यावर सुटते ती वेगळी अन् दाराशी आल्यावर पिशवी आपोआप आवळते ती वेगळी, अन् दुसरी टेप टाकून ही घाई जात नाही, वाढू शकते. आधी बघायचं ते हे की टेप जास्त घट्ट तर नाही. धार बारीक झाली का, पुढे वाकून किंवा उठून परत बसून करावी लागते का, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटते का? तसं असेल तर उरलेली लघवी सोनोग्राफीत मोजा, १००-१५० मिलीच्या वर सारखी उरत असेल तर टेप मधून कापून सैल करता येते. वारंवार इन्फेक्शन किंवा लघवीतून रक्त असेल तर दुर्बिणीनं पिशवीच्या आतून बघायलाच पाहिजे, टेपचा धागा आत आला असू शकतो.

यातलं काहीच नसेल तर पिशवीला शिस्त लावायची. आता तासाला जात असाल तर सव्वा तास धरा, जमलं की दीड, असं हळूहळू तीन तासांपर्यंत. घाई आली की पळायचं नाही, उभं राहून खालचं आवळायचं, लाट ओसरली की मग चालायचं. चहा कमी. पाळी गेलेल्यांना योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम बऱ्यापैकी कामाला येते. गोळ्या आहेत, सोलिफेनासिननं तोंड कोरडं पडते अन् संडास घट्ट होते, मिराबेग्रॉन घेताना बीपी बघावं लागते, डॉक्टरांकडूनच घ्या. अन् एक विचारते, रागावू नका. तुम्ही शाळेत पाणी पिता का? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या शिक्षिका सकाळी दहा ते पाच घोटभर पाणी घेत नाहीत कारण शाळेतल्या संडासाला कडी नसते, अन् मग घरी आल्यावर एकदम दोन तांबे. त्या कडीसाठी एकदा मुख्याध्यापकांशी भांडा, ते माझ्या कुठल्याही गोळीपेक्षा स्वस्त पडते.

पत्र चौथं, गडचिरोली जिल्हा, एका आशाताईंचं

ताई, माझ्या गावात बायकांना हा त्रास आहे हे मला माहीत आहे पण विचारलं की नाही म्हणतात. कसं विचारावं? अन् ज्यांना ऑपरेशनला जायचंच नाही त्यांना काय सांगू?

उत्तर: तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. डॉ. राणी बंग अन् डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, अन् त्याआधी कधी तपासून घेतलेल्या फक्त ८ टक्के. बाया सांगत नाहीत कारण कोणी धड विचारतच नाही. 'लघवी सुटते का' असं तोंडावर विचारलं तर नाहीच म्हणणार. 'खोकला आला की मांड्या आवळून धरावं लागते का जी', 'लग्नाला गेल्यावर आधी संडास कुठे आहे ते बघता का' असं विचारून पाहा, हसतील अन् मग सांगतील. हसणाऱ्या बाईला जास्त त्रास असतो, हा माझा अनुभव.

व्यायाम असा शिकवा की चारचौघांत गॅस सुटू नये म्हणून जे आवळतो तेच आवळायचं, पोट-मांड्या सैल, श्वास चालू. हळू पाच मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सोडा, जमलं की दहापर्यंत. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. भाकरी थापताना, निंदताना, कुठेही. चालू लघवी मध्येच रोखून रोज प्रॅक्टिस करायची नाही. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा मग खोकला, एवढ्यानंच काहींचं भागते. जाड बायांनी वजन थोडं उतरवलं तरी फरक पडतो, अमेरिकेतल्या एका अभ्यासात आठ टक्के वजन कमी झालेल्यांचं आठवड्यातलं सुटणं जवळपास निम्म्यावर आलं, अन् नुसती माहिती दिलेल्या गटात ते २८ टक्के कमी झालं. पण आपल्या धानाच्या शेतात वाकून राबणाऱ्या वाळक्या बाईला हे सांगायला जाऊ नका, ती तुमच्यावरच हसेल.

ज्यांना ऑपरेशन नकोच, किंवा एकदा झालं अन् परत टेबलावर जायची हिंमत नाही, त्यांच्यासाठी सिलिकॉनची रिंग असते, योनीत बसवतात, खालून नळीला आधार मिळतो, अंग बाहेर येत असेल तर तेही आत राहते. माप घेऊन डॉक्टरनं बसवायची. पण ती बसवली की विसरून जातात बाया, वर्ष-वर्ष काढत नाहीत अन् आत जखमा होतात. दर तीन-चार महिन्यांनी काढून, धुवून, आत बघून परत बसवावी लागते, तर कोणाची कधी बसवली ती तारीख तुमच्या लसीकरणाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.